इरावती कर्वे : वारसा मिळाला, पण तिनं तो तपासून घेतला



दहावीचा निकाल लागला की आमच्या मानकोलीत दरवर्षी एक प्रसंग ठरलेला असतो. आई दाखला न्यायला शाळेत येते, मुलगी तिच्या मागं उभी असते. पुढं काय करायचं ठरवलं, असं आपण विचारतो. मुलगी आईकडं बघते. आई जराशी ओशाळते आणि सांगते की आमच्या घरात एवढं कोणी शिकलेलंच नाही, तर हिला आम्ही काय सांगणार? मग बारावीपर्यंत शिकू दे, पुढचं पुढं बघू, असं म्हणून विषय मिटतो. नाशिक हायवेवरच्या गोदामात काम मिळालं तर ठीक, नाहीतर लग्न.

तुम्हीही हे अनेकदा ऐकलं असेल. त्या आईचं काही चुकत नाही. घरात काय बोललं जातं, कोण येतं-जातं, पुस्तकाला जागा आहे की नाही, यावर मुलीचं ध्येय ठरतं हे खरंच आहे. पण मग ज्या घरात पदवीचा वारसाच नाही, त्या घरातल्या मुलीनं काय करायचं?

या प्रश्नावर बोलायला मी आज तुम्हाला एका मोठ्या बाईंची गोष्ट सांगणार आहे. आपल्या शेजारच्या कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी मुलांना माहीत असतात. इरावती कर्वे यांचं नाव मात्र युगान्त या पुस्तकापलीकडं फारसं सांगितलं जात नाही. त्यांच्या आयुष्यात घराण्याचा वारसा फार मोठा होता. तो कुठून आला, कुठं उपयोगी पडला आणि कुठं आडवा आला, हे नीट पाहिलं तर आपल्या त्या आईला द्यायचं उत्तर सापडतं.

नदीचं नाव घेऊन आलेली मुलगी

इरावतीचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, मिंज्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथं कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. आईचं नाव भागीरथी. तिथल्या मोठ्या नदीवरून मुलीचं नाव ठेवलं इरावती. आई भागीरथी आणि लेक इरावती, दोघीही नद्याच!

ती सात वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी तिला पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत पाठवलं, वसतिगृहात. विचार करा, सात वर्षांची पोर, समुद्रापलीकडून आलेली आणि आईवडील दूर देशात. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी ही मुलींची शाळा उभी केली होती. त्या काळात या वयाच्या कितीतरी मुलींची लग्नं व्हायची. करमरकरांनी मुलीला शाळेत घातलं, हा तिला मिळालेला पहिला वारसा.

मैत्रिणीच्या आईनं उघडलेलं दार

दुसरा वारसा तिला जन्मानं मिळालेला नाही, आणि आपल्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा आहे.

हुजूरपागेत तिची मैत्री शकुंतला परांजपे हिच्याशी झाली. शकुंतला म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे यांची मुलगी. रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सर्वांत वर आलेले, सीनिअर रँग्लर झालेले पहिले भारतीय, आणि पुढं अनेक वर्षं फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. शकुंतलेच्या आईला ही वसतिगृहातली मुलगी आवडली. त्यांनी तिला आपल्या घरी आणलं आणि ती त्या घरचीच झाली.

ते घर कसं होतं? पुस्तकांनी भरलेलं. रँग्लर स्वतः बुद्धिवादी, देवाधर्माच्या बाबतीत पुरावा मागणारे. घरी विद्वान मंडळींची ये-जा असायची आणि जेवताना वादविवाद चालायचे. नेहमी येणाऱ्यांपैकी एका न्यायाधीशांमुळं तिला मानववंशशास्त्राची, म्हणजे माणसांच्या समूहांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राची, गोडी लागली. मुलींनी कॉलेजात जायचं की नाही, हा त्या घरात प्रश्नच नव्हता. कोणता विषय घ्यायचा, एवढंच ठरायचं बाकी असायचं.

१९२२ साली ती मॅट्रिक झाली आणि १९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाली. पुढं दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि ती मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकायला गेली.

इथं जरा थांबा. शकुंतलेच्या आईनं काही मोठी संस्था काढली नव्हती. मुलीच्या मैत्रिणीला घरात जागा दिली, ताटात वाढलं आणि तिला घरातलं बोलणं ऐकू दिलं. एका मुलीचं विद्यापीठ तिथून सुरू झालं.

एका घरातून दुसऱ्या घरात

ही दार उघडायची रीत परांजप्यांच्या घरात कुठून आली, हे पाहायला आणखी थोडं मागं जाऊ.

दापोलीजवळच्या मुरूड गावात धोंडो केशव कर्वे नावाचा मुलगा होता. परीक्षेला बसायला तो कोकणातून पायी साताऱ्याला गेला, शंभराहून जास्त मैल. तिथं पोचल्यावर परीक्षकांना तो वयानं फार लहान वाटला आणि त्याला परतावं लागलं. पण तो खचला नाही, शिकला आणि मुंबईत गणिताचा शिक्षक झाला. तिथं बिऱ्हाड केल्यावर त्यानं नात्यातल्या एका हुशार मुलाला शिकायला आपल्या घरी ठेवून घेतलं. तो मुलगा म्हणजे रघुनाथ परांजपे, पुढचे रँग्लर.

म्हणजे बघा, कर्व्यांनी परांजप्यांना घरात घेतलं. परांजप्यांच्या घरानं इरावतीला घेतलं. आणि पुढं इरावती कर्व्यांच्या घरात सून म्हणून गेली. वारसा असा फिरून आला!

धोंडो केशव म्हणजेच महर्षी कर्वे हे तुम्ही ओळखलं असेल. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि गावाचा बहिष्कार सोसला. १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं, जे आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं.

वारसा आडवा येतो तेव्हा

इरावतीनं महर्षींचे चिरंजीव दिनकर यांच्याशी लग्न ठरवलं. दिनकर रसायनशास्त्र शिकवायचे, पुढं ते फर्ग्युसनचे प्राचार्यही झाले. इतकं नावाजलेलं घर, पण इरावतीच्या वडिलांना ही सोयरीक पसंत नव्हती. एखाद्या संस्थानिकाच्या घराण्यात मुलगी द्यावी, असं त्यांच्या मनात होतं. ज्या बापानं सात वर्षांच्या मुलीला शिकायला समुद्रापार पाठवलं, त्यालाही तिच्या लग्नाचा विचार करताना राजवाडा दिसत होता. बापाची माया अशी असते, यात नवल नाही. पण शिकलेल्या मुलीनं आपली निवड स्वतः केली.

१९२८ साली तिनं एम.ए.चा प्रबंध पूर्ण केला. विषय कोणता? चित्पावन ब्राह्मण, म्हणजे स्वतःचीच जात. आपली माणसं कुठून आली, कशी राहतात, हे अभिमानानं सांगत बसण्यापेक्षा तिनं ते अभ्यासाला घेतलं. घरच्या वारशाकडं पाहायची तिची ही रीत पुढं आयुष्यभर टिकली.

आता खरा पेच आला. पुढच्या अभ्यासासाठी तिनं जर्मनीला जावं, असं दिनकररावांना वाटत होतं. ते स्वतः जर्मनीत डॉक्टरेट करून आले होते, तिथल्या संशोधनाची शिस्त त्यांनी पाहिली होती. पण महर्षींचा याला विरोध होता. हो, महर्षी कर्व्यांचाच! ज्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं, त्यांना आपल्या सुनेनं परदेशी जाऊन शिकणं पटलं नाही.

मुलांना हे सांगताना आपण अडखळतो. थोर माणसाच्या चरित्रात असा भाग असला की तो गाळायचा, अशी आपल्याला सवय आहे. मला वाटतं तो मुद्दाम सांगावा. महर्षींचं मोठेपण त्यानं कमी होत नाही. एका पिढीनं जेवढा रस्ता केला, त्याच्या पुढं जायला पुढच्या पिढीला कधीकधी त्याच वडीलधाऱ्यांना नाही म्हणावं लागतं, एवढंच त्यातून कळतं. घरात भांडण मांडून किंवा घर तोडून त्यांनी हे केलं नाही. दिनकरराव बायकोच्या बाजूनं उभे राहिले आणि डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळालं. हेच मेहता पुढं गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावती बर्लिनला गेली. तेव्हा तिला तेविसावं वर्ष संपत आलं होतं.

मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना आपल्याकडं अजूनही दहादा विचार होतो. मुलाच्या वेळी तेवढा होत नाही, हे आपण खासगीत तरी कबूल करू. शंभर वर्षांपूर्वी एका नवऱ्यानं बायकोच्या डॉक्टरेटसाठी कर्ज काढलं होतं, हे पालकसभेत जरूर सांगा.

बर्लिनमधल्या कवट्या

बर्लिनला कैसर विल्हेम इन्स्टिट्यूट या संस्थेत मानववंशशास्त्र आणि आनुवंशिकता यांचं संशोधन चालायचं. इरावतीचे मार्गदर्शक होते प्राध्यापक ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीय माणसांची बुद्धी इतरांहून वरचढ आणि हे त्यांच्या कवटीच्या ठेवणीत दिसतं, अशा विचाराचे ते गृहस्थ. कवटीची उजवी आणि डावी बाजू अगदी सारखी नसते. हा फरक वंशाप्रमाणं बदलतो का, हे तिला तपासायचं होतं.

तिनं वेगवेगळ्या प्रदेशांतल्या माणसांच्या दीडशेच्या आसपास कवट्या एकेक करून मोजल्या. उत्तर मार्गदर्शकांच्या अपेक्षेविरुद्ध आलं. कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध दिसेना. आता विद्यार्थिनीची जागा स्वतःला देऊन बघा. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज. ज्यांच्या हातात पदवी आहे त्यांचंच मत मोजमापात खोटं ठरतंय. आकडे जरा इकडेतिकडे केले असते तर कोणाला कळलं असतं?

तिनं जे मोजलं तेच लिहिलं. १९३० च्या सुमारास डॉक्टरेट घेऊन ती परत आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत जर्मनीत नाझींची सत्ता आली आणि वंशाच्या नावाखाली लाखो माणसं मारली गेली. फिशर यांच्यासारख्यांच्या शास्त्राचा त्याला आधार घेतला गेला. हे वाचल्यावर त्या प्रबंधाची किंमत कळते.

हा प्रामाणिकपणा कुठून आला? परांजप्यांच्या घरात पुरावा मागायची सवय होती. कर्व्यांच्या घरात जगाविरुद्ध उभं राहायची सवय होती. हा वारसा तिला कामी आला, असं मला वाटतं. घराण्याचं नाव बर्लिनमध्ये कोणाला माहीत होतं? तिथं सवयीच उपयोगी पडल्या.

परत आल्यावर

१९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाईंनी मुंबईला महिला विद्यापीठाचा कारभार पाहिला. म्हणजे ज्या सासऱ्यांनी परदेशी जायला विरोध केला, त्यांच्याच विद्यापीठाच्या कामाला त्या परत आल्या. मतभेद होता, पण अढी धरली नाही. १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला लागल्या आणि पुढचं सगळं आयुष्य तिथंच काम केलं.

त्यांचं संशोधन खोलीत बसून झालेलं नाही. मोजमापाची साधनं घेऊन त्या खेडोपाडी, जंगलात, आदिवासी पाड्यांवर हिंडल्या. ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणज इथल्या उत्खननात भाग घेतला. १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, ते आजही अभ्यासलं जातं. जात म्हणजे काय, ती कशी तयार झाली, याबाबत त्यांनी आपले गुरू घुर्ये यांच्याहून वेगळं मत मांडलं. शेवटच्या काळात कोयना धरणामुळं उठवल्या गेलेल्या माणसांची त्यांनी पाहणी केली. या कामात त्यांची मुलगी जाई निंबकर सोबत होती. रस्त्यासाठी, प्रकल्पासाठी जमीन गेलेली घरं आपल्या भागातही आहेत, त्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

मराठीत त्यांनी लिहिलं ते सगळ्यांना कळेल असं. परिपूर्ती, भोवरा, गंगाजल हे ललितलेखांचे संग्रह आणि महाभारतातल्या माणसांवरचं युगान्त. युगान्तला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पंढरीच्या वारीतही चालल्या. वारी त्यांना भावली, सगळा महाराष्ट्र त्यांना तिथं एकत्र चालताना दिसला. पण जेवायच्या वेळी जातीजातीच्या पंगती वेगळ्या बसतात, हेही त्यांनी पाहिलं, त्यांना ते बोचलं आणि त्यांनी ते लिहिलं. आपल्या परंपरेवर प्रेम करायचं आणि तिच्यातलं खुपणारं झाकायचं नाही, अशी ही दृष्टी.

घरातही वागणं मोकळं होतं. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव सांगतात. मुलगा आनंद वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या दोघी लेकी नावाजलेल्या लेखिका झाल्या. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई गेल्या.

कोणाची कोण?

त्यांच्या परिपूर्ती या लेखाचा आशय वर्गात जरूर सांगा. एका समारंभात त्यांची ओळख करून दिली जाते. अमक्यांची मुलगी, महर्षींची सून, प्राचार्यांची पत्नी. सगळी नावं मोठी, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. नंतर रस्त्यानं जाताना शाळकरी पोरांचं बोलणं कानावर पडतं. ही आपल्या वर्गातल्या अमक्याची आई, असं ती एकमेकांना सांगत असतात. आणि ओळख पुरी झाली, असं त्यांना वाटतं.

हा लेख वाचून काहींना प्रश्न पडतो की एवढ्या विदुषीनं स्वतःच्या नावानं ओळखलं जाण्याचा हट्ट का धरला नाही. प्रश्न चांगला आहे, मुलींना तो पडू द्या. उत्तर घाईनं देऊ नका. माझ्या मते त्यांना नाती जोखड वाटत नव्हती. नात्यात राहून स्वतःचं डोकं शाबूत ठेवता येतं, हे त्यांनी जगून दाखवलं होतं.

आपल्या मुलींसाठी

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. इरावतीबाईंना जे मिळालं ते सगळ्यांना मिळत नाही. त्यांची जात, घरची परिस्थिती, पुण्यातलं वातावरण हे सगळं त्यांच्या बाजूचं होतं. त्याच काळात आपल्या खाडीकाठच्या आगरी, कोळी, कातकरी घरांतल्या मुली भात लावत होत्या, मासळी विकत होत्या, विटा थापत होत्या. हुशारी त्यांच्यातही असणार. त्यांच्यासाठी दार उघडणारं घर मात्र नव्हतं.

म्हणूनच त्या दाखला न्यायला आलेल्या आईला मी आता दोन गोष्टी सांगते.

पहिली, तुमच्या घरात वारसा नाही असं म्हणू नका. पावसात चिखलात उभं राहून जिनं लावणी केली, गोदामात आठ-आठ तास उभं राहून जी घर चालवते, तिच्याकडं चिकाटी आहे, हिशेब आहे, खरंखोटं ओळखायची नजर आहे. बर्लिनला कवट्या मोजणाऱ्या मुलीला याहून वेगळं काय लागलं? फक्त हे मुलीला बोलून दाखवा. आजीनं काय काय सोसलं, जमीन गेली तेव्हा घर कसं सावरलं, हे तिला सांगा. तिला कळू द्या की ती रिकाम्या हातानं कॉलेजात जात नाहीये.

दुसरी, जे घरात नाही ते दुसऱ्या घरातून मिळू शकतं. इथं आपलं, शिक्षकांचं काम सुरू होतं. विद्यापीठाचा अर्ज कसा भरायचा, शिष्यवृत्ती कुठं मिळते, वसतिगृह कसं असतं, हे ज्या घरात माहीत आहे त्या घरानं एका तरी मुलीला संध्याकाळी बोलवावं. खाडीवर पूल झाल्यापासून डोंबिवली आपल्याला किती जवळ आली! कॉलेजं दूर राहिलेली नाहीत. मुलीला तिथवर सोबत करणारं माणूस हवं.

आणि पालकहो, उद्या हीच मुलगी तुम्हाला न पटणारं ध्येय घेऊन समोर उभी राहिली, तर रागावण्याआधी महर्षी कर्व्यांची आठवण काढा. एवढ्या मोठ्या माणसालाही सुनेची झेप पटकन पटली नव्हती. आपल्याला वेळ लागला तर त्यात कमीपणा नाही. तोवर तिची वाट अडवायची नाही, इतकं केलं तरी पुष्कळ.

वर्गासाठी उपक्रम (इयत्ता ८ वी ते १० वी)

१. प्रत्येक मुलानं आजी किंवा आजोबांना विचारून एक पान लिहावं : तुम्हाला काय शिकायचं होतं आणि ते का राहिलं?

२. आपल्या घरातली जपावी अशी एक सवय आणि बदलावी अशी एक रीत, कारणांसह लिहा.

३. चर्चा : वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यांच्याशी असहमत कसं व्हायचं?

४. गावातल्या किंवा वाडीतल्या, बारावीनंतर शिकलेल्या एका ताईला वर्गात बोलवा. तिला पहिली मदत कोणी केली, हे मुलांना विचारू द्या.

पहिला उपक्रम मी गेल्या वर्षी घेतला. निम्म्याहून जास्त पानांवर आज्यांनी एकच गोष्ट सांगितली होती : त्यांना निदान सही करता यायला हवी होती. त्या आज्यांच्या नाती आज आपल्या वर्गात बसल्या आहेत.